फ्रिज सरकवला आणि फरशी काळी झाली

प्रश्न : ताई, आमच्या जुन्या घरात मोझेक टाइल्स आहेत. फ्रिज सरकवला तर त्याच्या रबरी पायांचे हातभर लांब काळे पट्टे उमटले. फिनेलने पुसलं, तरी ढिम्म! शेजारच्या काकू अॅसिड टाक म्हणतात. टाकू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अगं, बाटली आधी मोरीत परत ठेव! मोझेकमध्ये संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं. अॅसिड दोन्ही खातं. लिंबू आणि व्हिनेगरही तेच करतात, फक्त सावकाश. आमच्या आईने एका दिवाळीत हा प्रयोग केला होता. डाग गेला, पण पोळपाटाएवढा पांढुरका, खरखरीत चट्टा राहिला. पुढे कायम त्यावर पाट ठेवलेला असायचा.

आधी पट्ट्यावरून नख फिरव. नख अडकलं तर तो ओरखडा. त्याला मशीनचं पॉलिशच लागेल. अडकलं नाही तर नुसतं रबर चिकटलंय. मग मुलांच्या दप्तरातला पांढरा खोडरबर घे आणि कोरड्या फरशीवर खोड. काळ्या सुरळ्या निघतात, बघायलाही मजा येते! उरलंसुरलं ओल्या सुती फडक्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन हलक्या हाताने चोळ आणि साध्या पाण्याने दोनदा पूस, नाहीतर पांढरी पूड राहते. तारेची घासणी मात्र नको. तिचे तुकडे फटीत अडकून गंजतात.

आणि फ्रिज पुन्हा हलवशील तेव्हा पायांखाली जुनी गोधडी घाल.