लोपितालने नियम चोरला होता का?

प्रश्न दोन आहेत: बारावीत शिकतो तो लोपितालचा नियम (अंश आणि छेद दोन्ही शून्य झाले की दोघांचं वेगवेगळं विकलन करून उत्तर काढायचं) मुळात योहान बर्नुलीचा, मग लोपितालला चोर म्हणायचं का? आणि लोपितालचं विकलनावरचं (differentiation) १६९६चं पुस्तक आज वाचण्यात अर्थ आहे का?

नियम बर्नुलीचा, यात आता वाद उरलेला नाही. १६९१-९२मध्ये या तरुण बर्नुलीने लोपितालला पॅरिसमध्ये आणि त्याच्या गावाकडच्या वाड्यावर नवं कलनशास्त्र (calculus) शिकवलं. मार्च १६९४च्या पत्रात लोपितालने वर्षाला ३०० लीव्र देऊ केले. बदल्यात बर्नुलीने नवे शोध त्याला कळवायचे, इतर कुणालाही नाही. बर्नुलीने ते मान्य केलं. १७०४मध्ये लोपिताल वारल्यावर त्याने नियमावर हक्क सांगितला, पण लोकांना ते फारसं पटलं नाही. विसाव्या शतकात बाझलमध्ये त्याच्या विकलनाच्या व्याख्यानांचं हस्तलिखित सापडलं, १९२२मध्ये छापलं गेलं, आणि पुस्तकाचा बराच भाग तिथूनच आल्याचं दिसलं. ते पत्र तर १९५५मध्ये छापून आलं.

तरीही ‘चोर’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. पहिल्या आवृत्तीवर लेखकाचं नावच नव्हतं. प्रस्तावनेत त्याने कलनशास्त्राचा एक जनक लायब्निझ याचं आणि बर्नुली बंधूंचं, विशेषतः धाकट्या योहानचं, ऋण मान्य केलंय. त्यांना जे आपलं वाटेल त्यावर त्यांनी खुशाल हक्क सांगावा, उरेल त्यात मी समाधानी आहे, असंही लिहिलंय. पैशांचा करार मात्र त्याने लपवला, आणि तो दोष त्याचाच. पण गणितात तो कच्चा नव्हता. १६९७मध्ये सर्वांत जलद घसरणीच्या वक्राचं कोडं सोडवणाऱ्या मोजक्या लोकांत तोही होता.

शिवाय काळ पाहा. लायब्निझचा विकलनावरचा १६८४चा लेख जेमतेम सहा पानांचा. खुद्द बर्नुली बंधूंना तो कोड्यासारखा वाटला होता. न्यूटनचं फ्लक्शन्सवरचं (विकलनाची त्याची स्वतःची पद्धत) पुस्तक लिहून झालं होतं, पण छापलं गेलं १७३६मध्ये. एकट्याने बसून विकलन शिकायचं तर लोपितालचंच पुस्तक हाती घ्यावं लागे. क्रम लावणं, उदाहरणं निवडणं, नेमकं किती सांगायचं हे ठरवणं यांत त्याची मेहनत आहे, आणि चांगलं पाठ्यपुस्तक लिहिणं मी कमी मोलाचं मानत नाही.

आता वाचण्याबद्दल. पुस्तकात सीमा नाही, फलन नाही, संकलनही (integration) नाही. तो विषय लायब्निझ स्वतः लिहिणार म्हणून सोडला होता. सुरुवातीची दोन गृहीतकं मात्र सावकाश वाचा: दोन राशींत अनंतसूक्ष्म फरक असेल तर त्या सारख्या धराव्यात, आणि वक्र म्हणजे अनंत अतिसूक्ष्म सरळ रेषांची बनलेली आकृती मानावी. सगळी इमारत यावर उभी आहे. पुढे तत्त्वज्ञ बर्कलीने १७३४मध्ये अशाच अनंतसूक्ष्म राशींवर हल्ला चढवला.

मधली वक्रांची प्रकरणं चाळली तरी चालतील. नववं सोडू नका, नियम तिथे आहे. त्यातलं पहिलं उदाहरण कागदावर करा: अंशात √(२a³x − x⁴) − a∛(a²x), छेदात a − ∜(ax³), आणि x = a. दोन्हीकडे शून्य येतं. विकलन केलं की वर −४a/३, खाली −३/४, म्हणजे उत्तर १६a/९. आजच्या पुस्तकांतल्या sin x भागिले x पेक्षा हे कितीतरी मजबूत आहे, कारण इथे उत्तर डोळ्यांना आधी दिसत नाही.

फ्रेंच येत नसेल तर २०१५चं इंग्रजी भाषांतर घ्या. त्यात बर्नुलीची व्याख्यानंही आहेत, म्हणजे कुणाचं काय ते शेजारी ठेवून तुम्हालाच तपासता येईल. स्टोनचं १७३०चं भाषांतर पहिल्या वाचनाला नको. त्याने सगळं न्यूटनच्या टिंबांच्या भाषेत (अक्षरावर टिंब देऊन विकलन दाखवायची पद्धत) बदलून टाकलंय.