शाळेची खोली, गायरान आणि 'नावावर करून घ्या'चा सल्ला

या पंधरवड्यात सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांत कीड-रोग कमी आणि जागेची भानगड जास्त आहे. गट झाले, कंपन्या झाल्या, आता माल ठेवायला आणि वैरण लावायला जागा हवी. गावात सरकारी जागा रिकामी दिसते आणि ती 'नावावर करून देतो' म्हणणारेही लगेच भेटतात. चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (मोहोळ तालुका) : गावातली जुनी शाळा बंद आहे, दोन खोल्या पडून आहेत. आमचा २२ जणांचा शेतकरी गट तिथे ज्वारी-तुरीची साठवण आणि प्रतवारी करू इच्छितो. कृषी सेवा केंद्रवाले म्हणतात, सरपंचांशी अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पवर करा आणि चाळणी यंत्र आत्ताच बुक करा, म्हणजे अनुदान मिळेल. करावे का?

करू नका. यंत्र तर अजिबात बुक करू नका. कृषी विभागाच्या पूर्वसंमतीच्या आधी घेतलेल्या यंत्राचं बिल अनुदानाच्या प्रस्तावात चालत नाही. दुकानदाराचं यंत्र विकलं की त्याचा विषय संपतो, तुमचा तिथे सुरू होतो.

अकरा महिनेच का सांगतात? वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, तो खर्च आणि फेरे चुकवायचे म्हणून. पण असला कागद बँकेत चालत नाही. कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत जास्तीत जास्त ७ वर्षे मिळते. आता सात वर्षांचं कर्ज आणि अकरा महिन्यांचा पट्टा कोणती शाखा मान्य करेल? पट्टा कर्जाच्या मुदतीपेक्षा लांब हवा. सही झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत तो नोंदणीला गेला पाहिजे. पाचशेचा स्टॅम्प कपाटात ठेवून वर्षभराने आठवण झाली तर उपयोग नाही.

आता मूळ मुद्दा. शाळा 'गावाची' आहे हे पारावर बोलायला ठीक. कागदावर इमारत जिल्हा परिषदेची असू शकते आणि खालची जमीन भलत्याचीच. तीन कागद काढा : जागेचा सातबारा किंवा गावठाणातली मिळकत पत्रिका, ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीचा उतारा आणि शिक्षण विभागाकडची मालमत्तेची नोंद. बऱ्याच गावांत शाळेसाठी कुणाच्या तरी आजोबांनी तोंडी जमीन दिलेली असते, बक्षीसपत्र झालेलं नसतं, सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव असतं. शाळा चालू असते तोवर कुणी बोलत नाही. गटाचं कुलूप लागलं की वारस उभे राहतात. ही गाठ आधी सोडवा. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी, पाटी बदलली, दप्तर तेच) फेरफार नोंदी मागे जाऊन पाहा.

इमारत जिल्हा परिषदेची निघाली तर ग्रामसभेचा ठराव ही फक्त मागणी. प्रस्ताव गटविकास अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जायला हवा. ग्रामपंचायतीची निघाली तरी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचीच पूर्वमान्यता लागते. एकट्या सरपंचाच्या सहीवर जागा घेऊ नका. पुन्हा सांगतो, एकट्या सरपंचाच्या सहीवर जागा घेऊ नका; पुढच्या निवडणुकीत सरपंच बदलला की तुमचा माल रस्त्यावर.

आणखी एक अडचण तुमच्याकडचीच आहे. 'आत्मा'कडे (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेकडे) नोंदवलेला गट कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती नाही, त्याच्या नावे पट्टा होत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीला किमान १० उत्पादक आणि ५ संचालक लागतात, सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतले १० जण. २२ जण आहात, जमेल. ते आधी करा.

ग्रामसभेचा ठराव मोघम नको. जागेचा क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, कशासाठी, किती वर्षं, भाडं किती, वीजबिल आणि दुरुस्ती कुणाकडे, मुदत संपल्यावर आत बसवलेल्या यंत्राचं काय, हे सगळं त्यात यायला हवं. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी ते. हजेरीच्या सह्या दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून घेऊ नका, तक्रार झाली की पहिली तीच वही मागवतात. आचारसंहिता तोंडावर असताना ठरावाची घाईही नको.

मागणीची मात्राही सांभाळा. दोन्ही खोल्या, मैदान, पोषण आहाराची शेड, असं सगळं एकदम मागितलं की गाव बिथरतं. एक खोली मागा, एक हंगाम चालवून दाखवा, मग दुसरी.

खोलीची ताकद पाहा. आतली लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणायची आणि दर घनमीटरला ०.४ टन धरायचं. ६ बाय ५ ची, ३ मीटर उंच खोली म्हणजे ९० घनमीटर, कागदावर ३६ टन. पण भिंतीपासून पाऊण मीटर मोकळं आणि मधे वाट सोडली की प्रत्यक्षात निम्म्यावर येतं. प्रकल्प अहवाल लिहून देणारा पूर्ण ३६ लिहितो आणि त्यावर उत्पन्न दाखवतो. तो आकडा मान्य करू नका. शाळेची फरशी वह्या-दप्तरांसाठी घातलेली, थप्पीच्या वजनानं खचते. पोती लाकडी फळ्यांवरच ठेवा, ओल जमिनीतून चढते. ज्वारीतला ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आणि तुरीतला १० च्या आसपास आल्याशिवाय आत घेऊ नका. पत्रे जूनच्या आधी बदला.

आता धुरीबद्दल नीट वाचा. पोरकिडा दिसला की दुकानदार 'क्विंटलला एक गोळी टाका' म्हणतो. ॲल्युमिनियम फॉस्फाईडची ३ ग्रॅमची गोळी टनाला २ ते ३ लागते, तीही थप्पी हवाबंद ताडपत्रीत झाकून ५ ते ७ दिवस. क्विंटलला एक म्हणजे टनाला दहा, तिपटीहून जास्त. हे औषध प्रतिबंधित वापराचं आहे, प्रशिक्षित माणसाशिवाय हातच लावायचा नाही. आणि शाळेच्या इमारतीत तर धुरी नकोच. दोन खोल्यांचा माळा बहुधा एकच असतो, वायू पत्र्याखालून शेजारी उतरतो. शेजारी अंगणवाडी भरत असेल तर हा विचारही करू नका. थोड्या मालाला हवाबंद पिशव्या वापरा, खर्च जास्त वाटला तरी.

प्रश्न (सांगोला तालुका) : गावाचं ४० एकर गायरान वेड्या बाभळीनं भरलं आहे. महिला बचत गटाला वैरण लावायची आहे. एक ठेकेदार म्हणतो, लाकडाच्या बदल्यात जेसीबीनं फुकट साफ करून देतो. दुकानदार तणनाशक सुचवतो. गायरान गटाच्या नावावर होईल का?

होणार नाही. कुणी पैसे घेऊन 'करून देतो' म्हणत असेल तर तो तुम्हाला फसवतोय. गायरान सरकारचं, देखभाल ग्रामपंचायतीची. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या निकालानंतर राज्य शासनानं १२ जुलै २०११ च्या निर्णयानं गायरान देण्यावर कडक बंधनं घातली. तुम्हाला मिळू शकतो तो वैरण विकासाचा आणि कापणीचा हक्क, ग्रामसभेच्या ठरावानं, ठरावीक वर्षांसाठी. तेवढाच मागा. गायरानाचं गायरान राहतं, हेतू बदलत नाही, म्हणून हे पुढे सरकतं. पक्कं बांधकाम, कुक्कुटपालन, शेड यातलं काहीही ठरावात घुसवू नका.

४० एकर एकदम बंद करू नका. तुमच्याकडे मेंढपाळांचा वावर आहे. त्यांची वाट आणि पाणवठा अडवला तर कुंपण आठवडाभरही टिकणार नाही. पहिल्या वर्षी १० एकर बंद, बाकी चराईला खुलं, आणि हे ठरवताना मेंढपाळ सभेत हवेत.

ठेकेदाराला नकार द्या. सरकारी जमिनीवरची झाडं सरकारची, तहसीलदारांच्या लेखी परवानगीशिवाय एक खोड हलवायचं नाही. त्याचा डोळा कोळशाच्या लाकडावर आणि खालच्या मुरमावर असतो. मुरूम गेला तर महसूल खातं बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करू शकतं, आणि नोटीस आल्यावर ठेकेदाराचा फोन लागत नाही.

वेडी बाभूळ बुंध्यातून तोडली की एका खोडाची पाच होतात. माती उकरून बुडखा जमिनीखाली फूटभर खोलीवर काढावा लागतो. हे काम जानेवारी ते मे, मजुरांकडून. ग्रामपंचायतीमार्फत रोहयोत बसतं का ते तालुक्याला विचारा. सगळ्या रानावर तणनाशक मारलं तर बाभूळ पुन्हा फुटते आणि पवना, डोंगरी, मारवेल या गवतांचे जे काही गड्डे शिल्लक आहेत ते मरतात. गवत वाचवायचं की ड्रम खपवायचा, हे त्या दुकानदाराला विचारा.

मृगाच्या पहिल्या सरीला भुलून ठोंब लावू नका. आपल्याकडे तो पाऊस दगा देतो, भरवशाचा पाऊस उत्तरा-हस्ताचा. जुलै-ऑगस्टमध्ये सलग ओल मिळाली की मारवेलचे ठोंब लावा. ओळींमधे स्टायलो या द्विदल चाऱ्याचं बी हेक्टरी ४ किलो, वाळूत मिसळून, अगदी वरवर. बी आधी कडक गरम पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून लगेच गार करा, नाहीतर कवच फुटत नाही.

जनावर आत सोडायचं नाही, कापून न्यायचं. आमचा आग्रह याच पद्धतीवर आहे आणि कारण साधं आहे : शेळ्या-मेंढ्या वेड्या बाभळीच्या शेंगा खातात, बी लेंडीतून पडतं आणि साफ केलेलं रान दोन पावसाळ्यांत पुन्हा भरतं. फुलोऱ्याला कापा, चार बोटं बुडखा ठेवा. युरिया पहिल्या वर्षी नको. पुढे हेक्टरी एक गोणी, चांगली ओल असतानाच. 'एकरी दोन' हा सल्ला पाचपट मात्रेचा आहे. त्यात पाऊस ओढला की वैरणीत नायट्रेट साठतं आणि गाय दावणीलाच आडवी होते.

प्रश्न (अक्कलकोट तालुका) : आमच्या गटानं सरकारी जागेवर शेड मारून ८ वर्षं झाली. ग्रामपंचायत घरपट्टी घेते. आता शेड आमची ना?

नाही. कर आकारणीचा उतारा मालकी देत नाही. सरकारविरुद्ध कब्जाहक्क सांगायला ३० वर्षं लागतात, आणि तोवर तलाठ्याच्या १-ई नमुन्यात तुमचं नाव अतिक्रमणदार म्हणून चढलेलं असतं. गटात ग्रामपंचायत सदस्य असेल तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली त्याचं पद जाऊ शकतं. एकत्र राहणाऱ्या घरच्यांचं अतिक्रमणही सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सदस्याच्याच खात्यात धरलं. शेड वाढवू नका, तिच्यावर कर्ज काढू नका, तहसीलदारांकडे स्वतःहून अर्ज करा.

प्रश्न (माढा तालुका) : पाणी वापर संस्थेला कालव्यावरची जुनी चौकी मिळेल का?

वापराला मागता येते. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्यानं संस्थेकडे वितरिकेचं व्यवस्थापन येतं, मालकी येत नाही. हस्तांतराआधी संयुक्त पाहणी होते, त्या दिवशी संस्थेचे किमान चार जण वितरिकेवर चालत जा. गळकी दारं, फुटलेलं अस्तर, चौकीचं मोडकं छप्पर, सगळं साखळी क्रमांकासह (वितरिकेच्या मुखापासूनच्या अंतरासह) पाहणी अहवालात लिहून घ्या आणि मगच सही करा. अहवालात नसलेली दुरुस्ती संस्थेच्या खर्चानं करावी लागते.