सामाजिक एकजुटीची कल्पना फारसी विचारात सादीपासून सुरू होते का?

तेराव्या शतकातील फारसी कवी सादी याच्या ‘बनी आदम’ (आदमची लेकरे एकमेकांचे अवयव आहेत) या ओळींपासूनच फारसी विचारात सामाजिक एकजुटीची कल्पना सुरू होते का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. आज इराणमध्ये यासाठी ‘हमबस्तगी’ हा शब्द वापरतात; त्यातला ‘हम’ संस्कृत ‘सम’चा सगोत्र आणि ‘बस्त’ म्हणजे बांधलेले, जो आपल्या ‘बंदोबस्ता’तही आहे. कल्पना मात्र या शब्दाच्या प्रचलित अर्थापेक्षा पुष्कळ जुनी आहे.

तिची सुसंगत मांडणी इराणी तत्त्वज्ञ नसीरुद्दीन तूसी याच्या ‘अख्लाक-ए-नासिरी’ या नीतिशास्त्रावरील ग्रंथात सापडते. पूर्व इराणमधील कुहिस्तानच्या इस्माइली (एक शिया पंथ) अधिपतीच्या आश्रयाने 1235च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात तो म्हणतो की, नांगरण्यापासून दळण्यापर्यंत सारे एकट्याने करायचे ठरवले तर घास तोंडी लागण्याआधीच माणूस मरेल, म्हणून परस्परांचे साहाय्य अटळ आहे. त्यापुढचा विचार मला अधिक मोलाचा वाटतो. ‘इन्साफ’ हा शब्द ‘निस्फ’ म्हणजे ‘अर्धा’ यावरून आला आहे. न्याय वाटणी करतो, तर ‘मुहब्बत’ दोघांना एक करते, आणि माणसांत मुहब्बत असती तर न्यायाची गरजच पडली नसती. याचे बीज इराणमधल्या रय शहरातील विचारवंत मिस्कवैह (मृत्यू 1030) याच्या अरबी ग्रंथात आहे, हेही सांगायला हवे. मात्र तूसीची एकजूट समतेची नव्हे. समाजाचे चार वर्ग त्याने चार तत्त्वांशी जोडले: लेखणीवाले पाणी, तलवारवाले अग्नी, व्यापारी-कारागीर वायू, शेतकरी पृथ्वी, आणि प्रत्येकाने आपापल्या जागी राहायचे.

1258मध्ये, म्हणजे मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले त्याच वर्षी, पूर्ण झालेल्या सादीच्या ‘गुलिस्ताँ’ या ग्रंथातल्या त्या ‘बनी आदम’च्या ओळी राजांच्या वर्तनावरील प्रकरणात येतात. दमास्कसच्या मशिदीत, याह्या पैगंबराच्या कबरीपाशी, बलाढ्य शत्रूच्या भीतीने आशीर्वाद मागणाऱ्या एका जुलमी राजाला दुबळ्या प्रजेवर दया करायला सांगितल्यावर त्या ओळी येतात. सर्व श्रद्धावंत एका देहासारखे आहेत, ही हदीस (पैगंबर मुहंमदांचे वचन) आधीपासून होतीच. सादीने तिथे ‘आदमची लेकरे’ म्हटले आणि कक्षा सर्व माणसांपर्यंत नेली. संदर्भ गाळून या ओळी उद्धृत केल्या की हे दोन्ही मुद्दे हरवतात.

तूसीचा ग्रंथ अकबराला वाचून दाखवला जात असे. अकबराचा दरबारी अबुल फजल याने लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’च्या आरंभीही तेच चार वर्ग चार तत्त्वांसह येतात, मात्र तूसीकडे पहिला असलेला विद्वानांचा वर्ग अबुल फजलने, स्वतः लेखणीवाला असूनही, तिसऱ्या जागी नेला आणि योद्ध्यांना पहिले स्थान दिले.