महिलांनी हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी मोबाइलवरील आरोग्य कार्यक्रम वापरावेत का?

ऐरोलीत राहणाऱ्या, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या 52 वर्षांच्या आईसाठी असा एखादा कार्यक्रम विकत घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. नौपाड्यात राहते, वय 54, आणि तीन वर्षे असे कार्यक्रम वापरते आहे. घ्यायला हरकत नाही, पण त्याआधी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र घ्यावे.

सिडनीत झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 710 हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने, आठवड्याला चार, असे साधे संदेश पाठवले गेले. त्यांचा वरचा रक्तदाब आणि वाईट कोलेस्टेरॉल ही दोन्ही इतरांपेक्षा कमी राहिली. मात्र त्या चाचणीत बहुसंख्य पुरुष होते.

बायकांचे वेगळे प्रश्न इथेच विचारायचे राहून जातात. माझ्या पहिल्या ॲपने वय, वजन, कंबर विचारली. गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती का, पाळी चाळिशीच्या आत थांबली का, हे विचारलेच नाही. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात माझा दाब 150 च्या वर गेला होता. बाळंतपणानंतर उतरला म्हणून घरात सगळे विसरले, मीसुद्धा. त्यामुळे हे विचारणाराच कार्यक्रम निवडावा. मिशरीचाही प्रश्न त्यात वेगळा असावा, कारण 'तंबाखू घेता का?' याला आमच्या सासूबाई ठामपणे 'नाही' म्हणतात आणि दात मात्र मिशरीनेच घासतात.

मोजण्याची सूचना संध्याकाळी साडेसहाला यायची. तेव्हा मी लोकलच्या गर्दीतून सुटून, तीन जिने चढून नुकतीच दारात पोचलेली असे. यंत्र 158 दाखवी, आणि ॲप 'छान, नोंद झाली!' म्हणून हिरवे फूल. पुढे डॉक्टरांनी सकाळी, चहा आणि गोळीच्या आधी, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे शांत बसल्यावर, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायला सांगितले. आठवड्याची सरासरी 138/86 आली. घरच्या मोजणीत सीमा साधारण 135/85 धरतात, म्हणून त्यांनी गोळी बदलली. ॲपचा खरा उपयोग तो एवढाच झाला, पण मोठा झाला: पूर्वी मी गॅसच्या बिलामागे खरडलेले आकडे घेऊन जात असे, आता आलेख त्यांच्यासमोर धरता येतो. म्हणून आकडे पाहणारा माणूस कोण, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे.

आहाराच्या नोंदी मी सोडल्या. पोळीचा व्यास विचारणाऱ्या ॲपला लोणच्याची फोड मोजता येत नव्हती, आणि माझे मीठ तिथेच होते.

घड्याळातील ईसीजी ठोक्यांची एखादी अनियमितता ओळखू शकतो, झटका ओळखण्यासाठी तो नाही. आईंना अचानक धाप लागली, दरदरून घाम आला, मळमळ झाली, छाती, जबडा किंवा पाठ दुखू लागली, तर मोबाइल 108 लावण्यासाठीच हातात घ्यावा.