'फेरेट आउट': बिळातून बाहेर काढणारं क्रियापद

अनुवाद करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं आहे की इंग्रजीतल्या 'फेरेट आउट'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं. तिच्यापुढे एका लेखातली दोन वाक्यं आहेत. पहिल्यात एक पत्रकार बाई जुन्या सरकारी फायलींतून एका जमिनीचा मूळ मालक 'फेरेट आउट' करते. दुसऱ्यात तीच बाई एका निवृत्त कारकुनाकडून एक गुपित 'फेरेट आउट' करते. मैत्रिणीने दोन्हीकडे 'शोधलं' लिहिलं आणि दोन्ही वाक्यं पडली. शब्दकोश उघडला तर 'फेरेट म्हणजे मुंगसासारखा प्राणी' एवढंच हाती लागलं.

आधी प्राण्याचं बघू, कारण क्रियापदाचा सगळा जीव त्यात आहे. फेरेट मुंगूस नव्हे. दिसायला लांबट, आखूड पायांचा, म्हणून तसं वाटतं. पण त्याचं कूळ वेगळं. आपल्याकडच्या प्राण्यांत त्याच्या कुळातलं म्हणायचं तर पाणमांजर. युरोपात हा प्राणी माणसाळवला गेला तो सशांच्या शिकारीसाठी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने स्पेनमधल्या सशांच्या उपद्रवाबद्दल लिहिताना, तोंडाला मुसकी बांधून बिळात सोडल्या जाणाऱ्या अशा प्राण्यांचं वर्णन करून ठेवलं आहे.

ही शिकार चालते कशी ते बघा. तिथला ससा जमिनीखाली बिळांचं जाळं करून राहतो, आणि त्याला तोंडं अनेक. शिकारी आवाज न करता एकेका तोंडावर छोटी जाळी अंथरतात. मग एका भोकातून फेरेट आत सोडतात आणि गप्प उभे राहतात. थोडा वेळ काहीच होत नाही. मग पायाखालच्या जमिनीत धपधप ऐकू येते, आणि भलत्याच तोंडातून ससा सुसाट बाहेर पडून जाळ्यात अडकतो. मुसकी बांधायची ती फेरेटने आतच सशाचा फडशा पाडून तिथेच ताणून देऊ नये म्हणून. तसं झालं की शिकाऱ्याला फावडं घेऊन फेरेटलाच खणून काढावं लागतं.

बहुतेक शब्दकोशांत नसलेली गोष्ट इथे आहे. फेरेट ससा तोंडात धरून आणून देत नाही. तो आत शिरतो, अंधाऱ्या वळणांतून मागे लागतो आणि सशाला आत राहणं अशक्य करून टाकतो. बाहेर येतो तो ससा स्वतः. म्हणून 'फेरेट आउट'मध्ये तीन गोष्टी एकत्र आहेत: लपलेली किंवा कुणी लपवलेली वस्तू, आत शिरून चिकाटीने केलेला पाठलाग, आणि शेवटी तिचं बाहेर येणं. यातली एक जरी नसली तरी ते क्रियापद बसत नाही. टेबलावर समोर पडलेला चष्मा दिसला तर कुणी 'फेरेट आउट' म्हणणार नाही. तो चष्मा मराठीत 'सापडला'.

हा 'सापडणे' मोठा गमतीचा आहे. 'मला किल्ली सापडली' म्हणताना कर्ती किल्लीच असते, मी नुसती 'मला'. कष्ट केले असतील, नसतीलही. क्रियापद त्याबद्दल बोलत नाही. 'मी किल्ली शोधली' म्हटलं की कष्ट माझे, पण किल्ली मिळाली का, ते अजून कळलेलं नाही. 'तासभर शोधली, पण सापडली नाही' हे वाक्य आपण सहज बोलतो. 'शोधून काढली, पण सापडली नाही' असं मात्र कुणी म्हणून दाखवावं! तो 'काढणे' शेपटीला लागला की काम फत्ते झालेलं असतं. नामाच्या बाबतीतही तेच: 'शोध घेणे' म्हणजे अजून वाटेवर, 'शोध लावणे' म्हणजे पोचलो. मैत्रिणीची वाक्यं पडली ती यामुळे. 'पत्रकाराने मालक शोधला' एवढ्याने तो हाती लागला का, हे वाचकाला कळत नाही. इंग्रजीतलं 'आउट' आपल्याकडे या 'काढणे'त बसलेलं आहे, ते गाळून चालणार नाही.

मग 'शोधून काढणे' पुरे का? बऱ्याच ठिकाणी पुरतं. पण पहिल्या वाक्यासाठी मी 'हुडकून काढणे' घेईन. कोल्हापूर-साताऱ्याकडे 'हुडकणे' हे रोजच्या बोलण्यातलं क्रियापद आहे. हरवलेल्या शेळीपासून चावीपर्यंत सगळं तिथे हुडकतात. पुण्या-मुंबईच्या लेखी भाषेत ते जरा मागे पडलं, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण 'शोधणे' आता इंटरनेटवर शब्द टाइप करण्यापर्यंत गुळगुळीत झालं आहे. हुडकणे म्हटलं की अजून माणूस वाकलेला दिसतो, हात धुळीत घातलेला. गोव्यात कोकणीत 'सोदून काडप' म्हणतात, त्यातही तोच 'काढणे' आहे.

हुडकून काढण्याचा माझ्या मनातला नमुना म्हणजे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले. ती पत्रं कुठल्या ग्रंथालयात रांगेने लावून ठेवलेली नव्हती. जुन्या घराण्यांच्या वाड्यांत, दप्तरांत, माळ्यांवर बांधून पडलेली होती, आणि कित्येक घरी परक्या माणसाला ती दाखवायची तयारीही नव्हती. राजवाडे गावोगाव पायपीट करत हिंडले, माणसांच्या मागे लागले, कागद बांधून ठेवलेले रुमाल सोडायला लावले. ही पत्रं राजवाड्यांना 'सापडली' असं लिहिलं तर मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांनी ती हुडकून काढली.

आता जवळचे शब्द, कारण अनुवादात पाय घसरतो तो यांच्यावरून. 'पिंजून काढणे' मोहक आहे, कापूस पिंजण्यावरून आलेलं. पण त्याचं कर्म जागा असते. पोलीस जंगल पिंजून काढतात, चोर पिंजून काढत नाहीत. 'फेरेट आउट'चं कर्म नेहमी लपलेली गोष्ट, लपण्याची जागा नव्हे. 'उकरून काढणे'ला नकोसा वास आहे: जुनी भांडणं, झाकलेल्या चुका. इंग्रजी क्रियापदात तो नाही. उलट चिकाटीबद्दल थोडं कौतुकच असतं. 'छडा लावणे' गुन्ह्याच्या तपासात चपखल बसतं, पण जमिनीच्या मूळ मालकाचा छडा लावला म्हटलं की तो बिचारा आरोपी वाटू लागतो. 'उघडकीस आणणे' आणि 'चव्हाट्यावर आणणे' यांच्याबद्दल मात्र हट्टाने सांगते: ती पुढची पायरी आहे. गोष्ट हुडकून काढून माणूस ती खिशात ठेवू शकतो. आणि 'आउट'च्या जागी 'अबाउट' आलं, तर अर्थच बदलतो. मग ती नुसती उचकापाचक, हाती काही लागो न लागो.

मराठीत या कामाला एखाद्या प्राण्याचं नाव का मिळालं नाही, याचंही मला एक उत्तर सुचतं. आपण 'ससा' या एकाच शब्दात दोन प्राणी कोंबतो. आपल्या माळरानावरचा रानससा बीळ करतच नाही. गवतात उथळ खळगा करून दबून बसतो. त्याला बाहेर काढायला कुणाला आत सोडायचं? त्याच्यासाठी वाघूर म्हणजे जाळं लावायचे आणि माणसांनी ओरडत, झुडपं बडवत रान उठवायचं. 'रान उठवणे' ही शिकारीतली प्रतिमा आपल्या भाषेत आली, पण तिचा अर्थ गेला उलट दिशेला, गाजावाजाकडे. फेरेटचं काम मुकाट्याने आत शिरून करायचं असतं. आपल्याकडे बिळातून बाहेर काढायचं ते उंदराला: कातकरी लोक शेतातल्या बिळाला धूर देऊन, खणून उंदीर धरतात. आणि बघा, 'खणून काढणे', 'खोदून खोदून विचारणे' हे आपण रोज बोलतो. प्राण्याऐवजी आपल्या भाषेने कुदळ घेतली.

हे 'खोदून विचारणे' आपल्याला दुसऱ्या वाक्याकडे नेतं. कागदांतून हुडकता येतं. माणसाच्या पोटातून हुडकता येत नाही. माझी एक आत्या यात फार तरबेज होती. घरात कुणी काही लपवतंय असं वाटलं की ती थेट विचारायचीच नाही. शेंगा सोलायला शेजारी बसवायची. पाऊस, शाळा, शेजारच्यांची म्हैस असं काहीबाही बोलायची. मधेच, शेंगेवरची नजर न हलवता, 'मग तो काय म्हणाला?' 'तो' कोण, हे तिला ठाऊक नसायचंच. समोरची मुलगी मात्र दचकायची, आणि पुढचं सगळं आपोआप बाहेर यायचं. नंतर आई म्हणायची, 'वन्संनी वदवून घेतलंच अखेर.'

'वदवून घेणे'. बोलायचं समोरच्याने, पण बोलायला लावणारा दुसरा, आणि फळ त्या दुसऱ्याच्या पदरात. एवढं सगळं त्या 'वदव' आणि 'घे'मध्ये आहे. ससा स्वतःच्या पायांनी जाळ्यात येतो, तसंच. 'काढून घेणे'ही चालेल, पण त्यात हिसकावल्याची छटा येऊ शकते.

व्युत्पत्तीचं थोडं, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. फेरेट हे नाव फ्रेंचमधून आलं आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'फूर' म्हणजे चोर हा शब्द आहे. फेरेट म्हणजे 'छोटा चोर'. लपलेल्याला हुडकणारा स्वतःच नावाने चोर! 'डिटेक्ट'चीही कथा अशीच. त्याचा मूळ अर्थ 'झाकण काढणे', आणि झाकणे या अर्थाचं त्यातलं लॅटिन 'टेगेरे' हे संस्कृत 'स्थग्'च्या कुळातलं. आपला 'ठग', जो इंग्रजीत 'थग' होऊन बसला, तोही बहुधा याच 'स्थग्'पासून आला असं मानतात: झाकणारा, लपवणारा. तसं असेल तर डिटेक्टिव्ह आणि ठग एकाच घरातले.

तर मैत्रिणीसाठी, तिची दोन वाक्यं. पहिलं: 'जुन्या सरकारी फायली उपसून तिने त्या जमिनीचा मूळ मालक हुडकून काढला.' 'उपसून' मी मुद्दाम घातलं आहे. फेरेट आत शिरतो तो भाग त्याशिवाय निसटतो. दुसरं: 'निवृत्त कारकुनाकडून तिने ते गुपित वदवून घेतलं.' इथे 'हळूहळू' किंवा 'गोड बोलून' असं काही घालायचं का, ते मूळ लेखातली बाई कशी आहे त्यावर ठरव. ती माझ्या आत्यासारखी असेल तर काहीच घालू नकोस.