हायब्रिड गाडीच्या सर्व्हिसिंगची लांबलचक यादी मिळाली तर त्यातलं नक्की काय करून घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली), ६०,००० किलोमीटर पूर्ण. सर्व्हिस सेंटरने नेहमीच्या सर्व्हिसिंगबरोबर इंजिन फ्लश (म्हणजे आतून धुऊन काढणं), इंजेक्टर क्लीनिंग, गिअरबॉक्स फ्लश, नवे ब्रेक पॅड, बेल्टची तपासणी आणि ‘हायब्रिड सिस्टिम ट्रीटमेंट’ असं सगळं सुचवलंय. हे नाही केलं तर वॉरंटी जाईल, असंही सांगितलंय.

मी नऊ वर्षं हायब्रिड चालवतोय आणि पहिली तीन वर्षं अशा प्रत्येक यादीवर मुकाट्याने सही केली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वॉरंटीचं बघू, कारण सगळी भीती तिथेच आहे. गाडीबरोबर एक पुस्तिका मिळते, तिच्यात कंपनीचं मेंटेनन्स शेड्यूल असतं: किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं, काय नुसतं तपासायचं. वॉरंटीसाठी तुम्ही पाळायचं ते हे शेड्यूल. काउंटरवरची छापील यादी हा वेगळा कागद आहे, तो त्या सेंटरने स्वतः केलेला असतो. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा माझ्या यादीतल्या नऊ कामांपैकी पाच कामांचा पुस्तिकेत उल्लेखच नव्हता. सर्व्हिस ॲडव्हायझरला मी एवढंच म्हटलं, “हे केलं नाही तर वॉरंटी जाईल, असं जॉब कार्डवर लिहून द्या.” त्याने लिहून दिलं नाही, आणि विषयही पुन्हा काढला नाही.

पुस्तिका वाचताना एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे बघा. बऱ्याच गाड्यांच्या शेड्यूलमध्ये दोन रकाने असतात, एक साध्या वापराचा आणि एक खडतर वापराचा. सतत धूळ, रोजचे अगदी छोटे फेरे, जड ओझं, असा तुमचा वापर असेल तर दुसरा रकाना तुमचा. सेंटरवाले सरसकट सगळ्यांना दुसऱ्या रकान्यात घालतात हे खरं, पण आपण खरोखरच तिथे बसत असू तर ते मान्य करावं.

आता एकेक काम घेऊ.

गिअरबॉक्स फ्लश. टोयोटाने १९९७ साली प्रियस ही हायब्रिड गाडी आणली तेव्हापासून त्यांच्या बहुतेक हायब्रिड गाड्यांचा गिअरबॉक्स हा मुळात नेहमीचा गिअरबॉक्सच नाही. आत एक प्लॅनेटरी गिअरसेट (मधल्या दातेरी चाकाभोवती फिरणाऱ्या छोट्या चाकांचा संच) आणि दोन मोटर-जनरेटर (मोटरचं काम करणारे आणि वीजही बनवणारे) असतात. क्लच घासत नाही, टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पोचवणारा भाग) नाही, सरकणारा पट्टा नाही. नावात ‘सीव्हीटी’ (ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स) असल्यामुळे लोक त्याला पट्ट्याचा सीव्हीटी समजतात, आणि सेंटरची यादीही कधी कधी तसंच समजून केलेली असते. अशा गिअरबॉक्सला मशीन लावून फ्लश करायचं काही कारण नाही. तेल बदलायचंच असेल तर खालचा बोल्ट काढून जुनं सोडायचं आणि वरच्या भोकातून नवं भरायचं, बस. मी स्वतः १,००,००० किलोमीटरला एकदा बदललं, माझ्या समाधानासाठी. पण सगळ्या हायब्रिड अशा नसतात. ह्युंदाई आणि किया यांच्या काही हायब्रिडमध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स आहे, काही जुन्या होंडा हायब्रिडमध्ये खराखुरा पट्ट्याचा सीव्हीटी आहे. तिथे तेलाची मुदत पुस्तिकेत असेल तशी पाळा.

बेल्टचंही तसंच. २००९ च्या तिसऱ्या पिढीपासून प्रियसच्या इंजिनला बाहेरचा बेल्टच उरला नाही, कारण पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर दोन्ही विजेवर चालतात. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटरही नाही. तुमच्या गाडीला बेल्ट आहे का, हे बॉनेट उघडून आधी विचारा. माइल्ड हायब्रिड (जिच्यात मोटर इंजिनला नुसती मदत करते) असेल तर बहुधा आहे. तिथे स्टार्टर-जनरेटर बेल्टवरच चालतो, तेव्हा ती तपासणी टाळू नका.

ब्रेक. हायब्रिडमध्ये पाय ब्रेकवर ठेवला की आधी मोटर गाडीला अडवते आणि ती ऊर्जा बॅटरीत जाते. पॅड डिस्कला घासतात ते मुख्यतः अगदी शेवटच्या सावकाश टप्प्यात, किंवा जोरात ब्रेक दाबला तर. म्हणून पॅड फार टिकतात. माझे मूळचे पॅड १,१०,००० किलोमीटरलाही अर्ध्यापेक्षा जास्त शिल्लक होते. तेव्हा “पॅड संपत आलेत” असं कुणी म्हटलं की जाडी किती मिलीमीटर आहे ते विचारा आणि चाक काढून दाखवायला सांगा. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलीमीटर असतो, २-३ उरले की बदलायचा. मात्र कमी वापराचा एक तोटाही आहे: डिस्कवर गंज धरतो, कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना अडकतात. दमट किंवा खाऱ्या हवेत तर लवकरच. पिना काढून, साफ करून, त्यांना योग्य ग्रीस लावणं हे ब्रेकचं काम मी आनंदाने करून घेतो. ब्रेक ऑइलही पुस्तिकेतल्या मुदतीला बदलतो, कारण ते हवेतलं पाणी शोषून घेतं. गाडी कमी चालली म्हणून ते शोषणं थांबत नाही.

इंजिन फ्लश आणि इंजेक्टर क्लीनिंग मी सरळ नाकारतो. इंजिन थरथरत असेल, मिसफायरचा (इंधन नीट न पेटल्याचा) एरर कोड आला असेल, ॲव्हरेज अचानक पडलं असेल, तर तपासू. ठणठणीत इंजिनला नुसते किलोमीटर झाले म्हणून औषध कशाला? पण इंजिन ऑइलवर मी एक दिवसही उशीर करत नाही. हायब्रिडचं इंजिन सतत बंद-चालू होतं, छोट्या फेऱ्यांत पुरेसं तापत नाही, आणि तेलात ओलावा राहतो. किलोमीटर कमी झाले असले तरी महिन्यांची मुदत पाळायची.

आता ज्यासाठी मी मुख्यतः हे उत्तर लिहायला बसलो ते. या नऊ वर्षांत मला इंजेक्टर क्लीनिंग दोनदा विकलं गेलं. पण मोटर चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीला थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी कुणी एकदाही उघडून पाहिली नाही. बऱ्याच हायब्रिडमध्ये ही बॅटरी केबिनमधल्या हवेने थंड होते, ती हवा मागच्या सीटखालच्या किंवा बाजूच्या झरोक्यातून आत जाते. माझ्या गाडीत ७०,००० किलोमीटरच्या सुमाराला मागून पंख्याचा आवाज वाढला. मी पुस्तिका वाचून स्वतः झाकण काढलं, तर फिल्टरवर धूळ आणि कुत्र्याचे केस यांचा गोधडीसारखा थर. साफ केल्यावर आवाज दुसऱ्याच दिवशी गेला. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं, आणि गाडीतल्या सगळ्यात महागड्या भागांपैकी ती एक. ज्या कामाने ती जपली जाते ते दहा मिनिटांचं होतं आणि कुणाच्याही यादीत नव्हतं. याचा राग मला अजून येतो. तुमच्या गाडीत तो झरोका असेल तर त्यावर बॅगा, चादरी ठेवू नका.

बॅटरीबद्दलच अजून एक. गाडी ‘रेडी’ (चालायला तयार) होत नसेल तर लगेच मोठी बॅटरी गेली असं मानू नका. हायब्रिडमध्ये एक साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते, ती अशक्त झाली तरी गाडी चित्रविचित्र इशारे देते. आधी ती तपासायची. मोठी बॅटरी बदला असं सांगितलं तर एरर कोड आणि प्रत्येक ब्लॉकचं (बॅटरीतल्या सेलच्या गटाचं) लोडखालचं, म्हणजे वीज खेचली जात असतानाचं, व्होल्टेज कागदावर मागा.

‘हायब्रिड सिस्टिम ट्रीटमेंट’ म्हणजे नेमकं काय करणार, हे विचारा. इन्व्हर्टरचं (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या भागाचं) कूलंट बदलणार असतील तर ते खरं काम आहे. बऱ्याच गाड्यांत त्याची टाकी इंजिनच्या कूलंटपासून वेगळी असते, पण बदलायची मुदत खूप लांबची. पातळी बघायला मिनिटभर पुरतं. कुठली तरी बाटली ओतणार असतील तर नको.

काही बाबतीत मात्र मी पैसे वाचवायला जात नाही. नारिंगी केबलींना हात लावायचं काम मी हायब्रिडचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडेच देतो, कारण तिथे २०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात. एसीचंही तसंच: विजेवरच्या कॉम्प्रेसरला वीज न वाहणारं वेगळं तेल लागतं, चुकून नेहमीचं गेलं तर इन्सुलेशन बिघडतं.

तुमच्या जागी मी या खेपेला इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, टायरची अदलाबदल, मुदत झाली असेल तर ब्रेक ऑइल, आणि पुस्तिकेत ६०,००० समोर जे छापलंय तेवढंच जॉब कार्डवर लिहून घेईन. त्याखाली “याव्यतिरिक्त काही करण्याआधी फोन करावा” हे स्वतःच्या अक्षरात लिहीन, सगळी बिलं फाइलला लावीन. आणि गाडी सोडण्याआधी बॅटरीच्या पंख्याची जाळी माझ्यासमोर उघडायला सांगेन.