तुमचा प्रश्न, वकिलाचं उत्तर: बागेच्या गेटवरचा बोर्ड कोर्टात टिकंल का?

प्रश्न: वकीलसाहेब नमस्कार, मी रिटायर शिक्षक, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. आमच्या इथली नगरपरिषदेची बाग पहिल्यापासून फुकट होती, आता ठेकेदाराला चालवायला दिली अन् गेटवर भला मोठा बोर्ड लागला. सकाळी ६ ते ९, संध्याकाळी ५ ते ८ एवढंच उघडं, माणशी १० रुपये तिकीट, "अविवाहित जोडप्यांना सक्त मनाई", अन् खाली "ग्रुपने बसण्यास व्यवस्थापकाची परवानगी आवश्यक". आम्ही पाचसहा म्हातारे लिंबाखाली पेपर वाचत बसतो तर आम्हालाच उठवलं राव! हे नियम चॅलेंज करता येतात का?

उत्तर: येतात की गुरुजी. पण आधी एक बघा, बोर्ड रंगवला म्हणजे नियम झाला असं नसतं. नगरपरिषदेला उपविधी, म्हणजे आपल्या हद्दीपुरते नियम, करायचा अधिकार महाराष्ट्राच्या नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यानं दिलाय, पण त्याला मसुदा, लोकांच्या हरकती, वरची मंजुरी असा रस्ता आहे. ठेकेदाराला तर असला काही अधिकारच नाही, त्यानं मनानं लिहिलं असंल तर तो नुसता रंग. म्हणून पहिलं काम माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये फी लावून, अन् त्यात ठराव, उपविधी अन् करारनामा तिन्हीच्या नकला मागा, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे.

आता कोर्ट काय बघतं. नियम चांगला का वाईट हे नाही, तो करायचा अधिकार होता का अन् मूळ कायदा किंवा संविधान मोडतंय का, हे बघतं. संविधानाच्या कलम १३ मध्ये "कायदा" म्हणजे उपविधी, नियम, अधिसूचना सगळं आलं, त्यामुळे नगरपरिषदेचा कागद पण त्यातून सुटत नाही.

वेळेच्या मुद्द्यावर मात्र तुम्ही बहुतेक हरताल, सांगून ठेवतो. बाग कधी उघडायची हे त्यांनीच ठरवायचं असतं, जजसाहेब काय तुमच्यासाठी टाइमटेबल बनवत बसणार नाहीत. तिकिटाचं वेगळं. १९९२ साली अहमदाबादच्या नगरविकास प्राधिकरणाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं विकास शुल्कच बेकायदा ठरवलं, कारण कायद्यात ते घ्यायचा स्पष्ट अधिकारच नव्हता, सोयीचं आहे म्हणून फी लावता येत नाही. तुमच्या तिकिटाला पण हाच प्रश्न विचारायचा, कोणत्या कलमाखाली?

परवानगीची ओळ मला सगळ्यात कच्ची वाटते. १९७२ चं हिम्मतलाल शहा प्रकरण, ते पण अहमदाबादचंच. रस्त्यावर सभा घ्यायला पोलिसांची परवानगी लागंल असा नियम होता, पण कशाच्या आधारावर द्यायची अन् कशाच्या आधारावर नाकारायची ते त्यात काहीच नाही, सगळं साहेबांच्या मर्जीवर. सुप्रीम कोर्टानं नियमच उडवला. तिथं निदान पोलीस कमिशनर होते, तुमच्याकडं तर ठेकेदाराचा मॅनेजर!

जोडप्यांचं म्हणाल तर वागणुकीवर नियम करा ना, कोण कोणासोबत आलंय अन् लग्न झालंय का हे गेटवर कोण तपासणार, लग्नपत्रिका दाखवायची का? संविधानाच्या कलम १४ (समानता) अन् २१ (जीवित अन् व्यक्तिस्वातंत्र्य) पुढं हे टिकणं अवघड आहे.

अन् एक, अशी एखादी ओळ अवैध निघाली म्हणून सगळे नियम पडतीलच असं नाही, कोर्ट तेवढीच ओळ काढून बाकी ठेवू शकतं.

लगेच हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात धावू नका. ठराव निघाला तर आधी कलेक्टरकडं अर्ज द्या, नगरपरिषदेच्या ठरावाला स्थगिती द्यायचा अधिकार त्यांना त्याच १९६५ च्या कायद्याच्या कलम ३०८ खाली आहे, अन् पुढं हायकोर्टात रिट याचिका केली तर "आधी कुठं गेला होता?" या प्रश्नाला उत्तर तयार राहतं. तिथं काहीच हललं नाही तर मग संविधानाच्या कलम २२६ खाली ती रिट याचिका. तोवर तिकिटाच्या पावत्या फेकू नका, त्यावर नाव नगरपरिषदेचं छापलंय का ठेकेदाराचं, हे माझ्यासारखा वकील सगळ्यात आधी बघंल.